वेलीचा खांब

एटापल्लीच्या दवाखान्यातले कंपाउंडर गुणवंतराव यांना चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात हवा होता फक्त एक खांब. आशाबाईनं, त्यांच्या बायकोनं, नागभीडहून माहेरची मधुमालती आणून क्वार्टरच्या अंगणात लावली होती. वेल फोफावली, पण चढायला आधार नाही. "म्हातारीले काठी अन् वेलीले खांब पाह्यजेच," ते म्हणायचे.

नाल्यापलीकडच्या जंगलात सागाचा एक जुना, कोरीव खांब कललेला दिसला. धनी कोणी दिसेना. त्यांनी तो उपटला, सायकलला बांधून आणला आणि सहा वर्षांच्या चंदाच्या खिडकीपाशी रोवला.

दवाखान्यातला आदिवासी शिपाई लालसू फाटकातच थबकला.

"भाऊ, हा तं आमच्यात मेलेल्याच्या नावानं गाडते. वापस ठेवून या. त्याचा खड्डा रिकामा राह्यत नाई..."

गुणवंतराव हसले. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच त्यांच्या घरातून भुतंखेतं बाहेर पडली होती.

आठवड्यात वेल शेंड्याला पोचली, आणि चंदाला ताप भरला. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग लाल होते. ही उमलतानाच लाल. सुगंध नाहीच, नुसता उकरलेल्या मातीचा वास. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. पोरगी वाळत चालली.

"बाबा, खिडकीत कोण उभं राह्यते?"

"वेल हाय, माय."

"वेलीच्या आत..."

बाराव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. भरदुपारी लालसूच्या मदतीनं त्यांनी वेलीच्या पिळांतून खांब उपसला आणि मागं न बघता नाला ओलांडला.

खड्ड्यात दुसरा खांब रोवलेला होता. नवा, ओल्या सालीचा, त्यांच्या कमरेच्या वर चार बोटं. चंदा बिलगली की तिचं डोकं तिथंच लागायचं.

"कोणी गाडला, लालसू?"

"गावात कोणी मेलं नाई, भाऊ... अजून."

घरी पोचेतो दिवस कलला. आशाबाई ओट्यावर चंदाला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती.

"हळू बोला... आत्ताच डोळा लागला तिचा."

गुणवंतरावांनी नाडी धरली. हात थंड होता. त्यांना कळलं. तो हात हातात घेऊन ते खिडकीकडे बघत बसले.

वेलीत आता खांब नव्हता, तरी ती पिळासकट सरळ उभी होती. कमरेच्या उंचीला, पोकळ पिळाच्या आतल्या बाजूनं एक फूल उमलत होतं. या वेळी पांढरं. आणि त्याला चंदाच्या वेणीतल्या खोबरेल तेलाचा वास येत होता.