दोनशे बाराचा काटा

ऑरिन लिंडालने बाटली टेबलावर आपटली. "घातपात आहे हा!"

आर्डिथ कोल्बीने बाटली उजेडाकडे धरली. आत काळंनिळं पाणी होतं. वीस वर्षांच्या खाजगी हेरगिरीत तिने विम्याचे लबाड दावे पकडले होते, पळालेले नवरे शोधले होते. बिअरसाठी मात्र आजवर कुणी तिचा उंबरठा चढलं नव्हतं.

"शाई?" तिचा जोडीदार मर्ल म्हणाला.

"शाई काय शाई! माझ्या जवाचा रस आहे तो! मोड आणून वाळवलेला जव भरडून गरम पाण्यात तासभर मुरवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते. झाली तर आयोडीनचा थेंब पिवळा राहतो. हा बघा, काळाठिक्कर! साखर नाही म्हणजे बिअर नाही. लागोपाठ दोनदा! आणि तीन आठवड्यांवर माझ्या सिग्नेचं लग्न."

"मग दुकानातून आणा की," मर्ल म्हणाला.

ऑरिनने त्याच्याकडे असं पाहिलं की मर्लने खुर्ची मागे सरकवली.

"आमच्या घरात मुलीच्या लग्नाची बिअर बाप स्वतः बनवतो. आज जमलं तरच ती वेळेवर तयार होईल. आणि हे कुणाचं काम आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. होणारा जावई, ब्रॉक टॉलिव्हर. त्याच्या आईला लग्नात दारूचा थेंब नकोय. मी त्याला तोंडावर सांगितलं, तर सिग्ने मलाच म्हणते, माफी मागा, नाहीतर लग्नाला येऊ नका!" त्याचा आवाज चिरकला. "मला पुरावा हवाय."

आर्डिथने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने कोट उचलला.

दहा हजार फुटांवरच्या त्या गावात चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. इथेच वाढलेला मर्लसुद्धा ट्रकमधून उतरून ऑरिनच्या गॅरेजपर्यंत पोचला तोच धापा टाकत. ऑरिनने गळ्यातल्या साखळीतली किल्ली काढून कुलूप उघडलं.

"दुसरी किल्ली?" आर्डिथने विचारलं.

"नाही. मी नसताना इथे माशीसुद्धा शिरत नाही."

"मग ब्रॉक कसा शिरला?"

"ते तुम्ही शोधायचं! त्याचेच पैसे देतोय ना?"

आत जाताच ऑरिनने गॅसच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवलं; थोड्या वेळात ते खळाखळा उकळू लागलं. शेजारी सहलीला नेतात तसली मोठी निळी बर्फाची पेटी होती, गरम पाणीही तासन्तास गरम ठेवणारी. तिच्या तळाशी रस गाळायला चिरा पाडलेली तांब्याची नळी, खाली रस काढायची तोटी आणि बाजूला मागे दांडी असलेला तापमानाचा गोल काटा.

"रचना माझी," ऑरिन म्हणाला. "जुनी पेटी डुलुथला असताना केलेली. सिग्नेसाठी हिवाळ्यात इकडे राहायला आलो, वसंतात तिच्यातच पहिली बिअर केली. अमृत! पण लग्नाला ती पुरायची नाही, म्हणून ही मोठी बनवली. नळी ब्रॉकने त्याच्या घरी चिरून आणली. तिथेच माझं नशीब फुटलं."

"आणि काटा?"

"नवा. पण मी विकत आणलेल्या काट्यावर आंधळा विश्वास टाकत नाही." त्याने काटा पेटीतून काढून उकळत्या पाण्यात धरला. "असा धरायचा आणि मागचा नट पान्याने फिरवून बरोब्बर दोनशे बारा फॅरनहाइटवर आणायचा. बापाने शिकवलंय. मग जव एकशे बावन्नवर मुरवतो. एका अंशाचा फरक नाही."

काटा दोनशे बारावर होता. आर्डिथ तो बराच वेळ बघत राहिली.

ऑरिनने स्वयंपाकघरातून कॉफी आणून दिली. आत चुलीवर घेवडा रटरटत होता. "सकाळपासून शिजतोय आणि अजून गोट्या!" तो करवादला. "इथले दुकानदार जुना माल गळ्यात मारतात."

ब्रॉक घरासमोर आपल्या पिकअपमध्ये बसला होता. सिग्नेने त्याला बोलावलं होतं, सासऱ्याने आत घेतलं नव्हतं.

"आई दारूच्या विरोधात आहे, खरंय," तो म्हणाला. "पण तिच्या टेबलावर लिंबूसरबत ठेवायचं ठरलंय. आता तिची तक्रार नाही."

"जव कुणी भरडला?"

"सिग्ने आणि मी. वसंतातलाही आम्हीच. जातं तेच, पोतंही तेच. भरडून दारात ठेवायचा. आत जायला परवानगी नाही ना!"

कुंपणापलीकडे बर्नाडीन क्विक कोंबड्यांना दाणे टाकत होती. ऑरिनचा उरलेला चोथा तिच्याकडे जायचा.

"वसंतातला चोथा कोंबड्यांनी नुसता पायाने उधळला, कोंडाच होता," ती म्हणाली. "पण या दोन खेपांचा? अगं बाई, चाटूनपुसून साफ! काय बदललंय त्याने?"

"एकच गोष्ट," आर्डिथ म्हणाली आणि तिने सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. सिग्ने हाताची घडी घालून दारातच उभी राहिली.

"मर्ल, बटणं काढ. हा काटा काखेत धर."

"मी?"

"नाही, तुझे आजोबा!"

मर्लने तीन मिनिटं काट्याची दांडी काखेत दाबून धरली. मग आर्डिथने काटा ऑरिनपुढे धरला. "वाचा."

"एकशे पंधरा." ऑरिन दचकला. "या माणसाला दवाखान्यात न्या!"

"त्याला धाड भरलेली नाही. माणसाच्या काखेत सत्त्याण्णवच्या आसपास असतं. तुमचा काटा अठरा अंश पुढे आहे."

"मी स्वतः उकळत्या पाण्यात..."

"तिथेच घोळ झाला. डुलुथ खाली सखल भागात, सरोवराकाठी आहे, तिथे पाणी दोनशे बाराच्या जवळपास उकळतं. इथे हवा विरळ. पाणी एकशे चौऱ्याण्णवलाच उकळायला लागतं. म्हणून तुमचा घेवडा सकाळपासून शिजत नाही. दुकानदार बिचारे निर्दोष आहेत. तुम्ही एकशे चौऱ्याण्णववर पान्याने दोनशे बारा आणलेत. काटा एकशे बावन्न दाखवायचा, तेव्हा जव एकशे चौतीसला भिजत पडलेला. तेवढ्या उष्णतेत पिष्टाची साखर होत नाही; ते बरंचसं दाण्यातच राहिलं आणि कोंबड्यांनी खाल्लं. वसंतात जव तोच होता, भरडही तीच. पण जुन्या पेटीचा काटा डुलुथला लावलेला, म्हणून बरोबर होता. आणि गॅरेजची किल्ली एकाच माणसाच्या गळ्यात आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. ऑरिन पेटीच्या झाकणावर मटकन बसला.

"तू इथलाच ना?" आर्डिथ मर्लवर घसरली. "तुला पाण्याचं माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

"मी सांगितलं असतं," ब्रॉक हळूच म्हणाला. "काटा बघूच दिला नाही कधी."

ऑरिनने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. घरच्या रिवाजासाठी इतका आटापिटा करून आपण मुलीलाच गमावत होतो, हे त्याला आता कळलं आणि त्याची लाज वाटली. त्याने गळ्यातली साखळी काढली, किल्ली आणि पाना दोन्ही ब्रॉकच्या हातात ठेवली.

"चुकलो मी, पोरा. काटा तू लाव. एकशे चौऱ्याण्णववर." मग म्हणाला, "आणि तुझ्या आईला विचार, सरबताला किती लिंबं लागतील."

दोन तासांनी बशीत नव्याने मुरवलेल्या जवाच्या रसाचा चमचा पडला, वर आयोडीनचा थेंब. तो पिवळाच राहिला. सिग्ने बापाच्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघत होती. ऑरिनने बशी उचलली, आर्डिथच्या समोरून पुढे गेला आणि आधी ब्रॉकला दाखवली.