फाट्यावरचा हात

सायकली दुरुस्त करणाऱ्याला स्वतःची सायकल चालवायला सवड नसते, हा ताईचा नेहमीचा टोमणा. त्या रविवारी मात्र मेकॅनिकने दुकानाला कुलूप ठोकलं आणि भाऊजींना घेऊन सकाळीच टेकड्या गाठल्या. भाऊजींच्या हृदयाच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण ताईने निघताना भावाला बजावलं होतं, "यांना नजरेआड होऊ देऊ नकोस."

दोघांचा जुना रिवाज होता. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसला की हात वर करायचा आणि निघायचं. पहिल्याच चढावर मेकॅनिकची सीट ढिली झाली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. भाऊजींना पुढे व्हायला सांगून त्याने ती आवळली आणि वर आला, तर फाट्यावर भाऊजींचं पिवळं जॅकेट उभं होतं. हात वर झाला आणि स्वारी निघाली.

दिवस झकास चालला होता. उघडं माळरान, गुडघाभर वाळलेलं गवत, उतारावर कानांत शिरणारा वारा. भाऊजी काही हाती लागत नव्हते, पण प्रत्येक फाट्यावर हात वर होत होता. मरणाच्या दारातून परतलेला माणूस असे चढ चढतोय, हे पाहून मेकॅनिकला मनापासून आनंद झाला. फक्त वाटेवरच्या धुळीत पुढे गेलेल्या टायरचा माग दिसत नव्हता. वाऱ्याने बुजला असेल, असं त्याने मनाला समजावलं.

दुपारी सर्वांत उंच टेकडीवर तो दम खायला थांबला. मागून खडी वाजली. भाऊजी येत होते, धुळीने माखलेले, घामाघूम.

"केवढा पळतोस रे? चेन पडली म्हणून मी खालीच झुडपाआड बसलो होतो. हाका मारल्या, तर तू आपला फाट्यावरून हात करून पुढे. दिवसभर तेच."

"भाऊजी, मी दिवसभर तुमच्या मागे आहे."

भाऊजी हसायला लागले आणि मधेच थांबले.

खाली, घराकडे वळणाऱ्या फाट्यावर, दोन सायकलस्वार उभे होते. एकाच्या अंगात पिवळं जॅकेट होतं. दोघांनी वर पाहिलं. दोघांचे हात वर झाले.

मग ते उताराला लागले.

परतताना हे दोघं एकमेकांना चिकटून चालले. वस्तीजवळ फोनला रेंज आली. भाऊजी सुखरूप आहेत, एवढंच ताईला सांगायचं होतं.

"ताई, आम्ही..."

"अरे, दारात येऊन फोन कशाला?" ताई म्हणाली. "दिसताय की खिडकीतून. यांचा चेहरा किती टवटवीत झालाय रे. थांब, कडी काढते."

"ताई, नको."

फोन तिने टेबलावर ठेवला असावा. कडी सरकली.

लांबून तिचा हसरा आवाज आला, "या ना आत. असे उंबऱ्यातच काय उभे?"