रविवारची दाढ

दवाखान्याच्या बंद दारावर कोणीतरी थाप मारत होतं. जोरात नाही... संकोचून, थांबून थांबून.

वासंती मागच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन केस वाळवत बसली होती. रविवार म्हणजे तिच्या दादाचा, रमाकांत डॉक्टरांचा, सुट्टीचा दिवस. जेवण झालं की दादा आडवे व्हायचे, आणि मग साप चावलेला माणूस आणला तरच त्यांना उठवायचं, असा वहिनीचा दंडक होता. देऊळगाव राजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. थाप मारणारा नक्की बाहेरगावचा होता.

केसांची सैल गाठ मारत ती पुढं आली. पायरीवर एक तरुण उभा होता. इस्त्रीचा कोट, स्वच्छ धोतर, आणि डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट बांधलेला मफलर. एक गाल चांगला टम्म फुगलेला. तो काहीतरी म्हणाला, पण त्यातलं अक्षरही कळलं नाही. वासंतीला हसू येणारच होतं, तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत उभं राहिलेलं पाणी दिसलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"दाढ?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"कधीपासून?"

"परवापासून ठणकून राह्यली," तो दात न उघडता म्हणाला. "चिखलीले शाळेत मास्तर आहे मी. आज मोटारीत बसलो अन् रस्त्याच्या धक्क्यांनी... आता सोसवत नाही."

"मग निघालात काऊन?"

तो खाली बघायला लागला. "सिंदखेडले जायचं होतं... मुलगी पाहाले. मामा तिथं वाट पाहून राह्यले."

"असा गाल घेऊन?"

"बोलणं मामाच करतात. मले नुसतं बसायचं असते."

वासंतीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मफलरखाली, जबड्याच्या कडेनं, सूज मानेकडे उतरत होती, आणि आवंढा गिळताना तो कळवळत होता. ती दादांना उठवायला आत गेली.

"उद्या सकाळी ये म्हणावं," दादा कूस बदलत म्हणाले.

"दादा, गिळताना त्याला त्रास होतोय. सूज गळ्याकडे सरकलीये."

दादा उठून बसले. "रविवारी दाढांना पण सुट्टी असायला पाहिजे," असं पुटपुटत त्यांनी सदरा चढवला.

कंपाउंडर मोतीराम गावी गेला होता. म्हणून भांडं धरायला, कापूस द्यायला वासंतीच उभी राहिली. खोलीत उजेड कमी होता. दादांनी तिच्या हातात आरसा दिला. खिडकीतलं ऊन त्यावर झेलून नेमकं त्याच्या तोंडात पाडायचं. चिंतामण — नाव त्यानं दादांना सांगितलं होतं — खुर्चीत ताठ बसला. हिरडीत सुई गेली तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटले. दादांनी चिमटा उचलला, आणि आधारासाठी चाचपडणाऱ्या त्याच्या हाताला खुर्चीचा दांडा सापडायच्या आधी वासंतीचं मनगट सापडलं.

तिनं हात सोडवून घेतला नाही.

"वासंती, ऊन हलतंय," दादा म्हणाले.

दाढ निघाली, तिच्यामागून पू निघाला. दादांनी बोळा घट्ट चावायला लावला आणि प्रवासाला साफ मनाई केली. सिंदखेडची मोटार कधीच निघून गेली होती. तिकडं निघालेल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं मामांना निरोप पोचवायचं कबूल केलं होतं. वहिनीनं गार, मऊ ताकभात दिला. तो ओसरीवर बसून हळूहळू जेवला. त्याला बोलायची बंदी होती, त्यामुळं वासंतीच बोलत राहिली. शाळेतल्या पोरांबद्दल विचारलं की तो बोटांनी उंच, बुटके, व्रात्य असे दाखवायचा. ती पदरात तोंड लपवून हसायची.

संध्याकाळी चिखलीच्या मोटारीत बसताना त्यानं मफलर सोडून दोन्ही हात जोडले. मोटार वळेपर्यंत ती उभी होती. का उभी आहोत, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी भर दुपारी पुन्हा तीच संकोची थाप आली.

"दवाखाना बंद आहे," दार उघडत वासंती म्हणाली. "दादा झोपलेत."

"माहीत आहे." सूज उतरल्यावर चेहरा निराळाच दिसत होता, हसरा. "म्हणूनच... या वेळेले आलो."

"जखम दाखवायचीये?"

"जखम भरली. पण आठ दिवस मन कुठं लागून नाही राह्यलं." तो थांबला. "मामांनी सिंदखेडचं पुन्हा ठरवलं. मी नाही म्हणतलं. आता ते तिथं जाऊन सांगतील, पत्रिका जुळत नाही म्हणून."

वासंतीचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या मुलीच्या नावावर ग्रह लावणार."

"तसं नाही..."

"तसंच आहे. मी तीनदा पाटावर बसले आहे, मास्तर. शेवटच्या वेळी मला मंगळ निघाला. तो माझ्या पत्रिकेत नव्हताच. पण गावोगाव झाला, आणि त्यानंतर या दारात कुणी आलं नाही. असलं दुर्दैव आणखी कुणाच्या वाट्याला नको. माझ्यामुळं तर नकोच."

चिंतामण पायरी उतरला. "सिंदखेडची मोटार अजून सुटली नसेल," तो म्हणाला, आणि चालू लागला.

ती दुपार वासंतीला सरेना. ती आत-बाहेर करत राहिली. तो परत चिखलीलाच गेला असेल, असं तिनं मनाशी धरून टाकलं.

दिवेलागणीला दादा ओसरीवर चहा घेत होते, तेव्हा तो फाटकातून आत आला. धुळीनं माखलेला, दमलेला.

"जाऊन आलो," तो वासंतीकडं पाहत म्हणाला. "तिच्या वडलाले सांगतलं, तुमच्या मुलीत काही कमी नाही, माझंच मन दुसरीकडं आहे. हे चारचौघांत सांगा म्हटलं. त्यांनी पाणीसुद्धा नाही विचारलं. बरोबरच होतं त्यांचं. मामा तिथंच होते... आता बोलत नाहीत माझ्याशी."

दादांनी कप खाली ठेवला. "दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"इथं," चिंतामण म्हणाला. "घरी आई आहे. तिले घेऊन रीतसर येतो. तुमची हरकत नसेल तर."

"माझ्या हरकतीचं नंतर पाहू. तिला विचारलंत का?"

"नाही. आज दुपारी तोंड नव्हतं विचाराले."

तो तिच्याकडं वळला. स्वयंपाकघरात वहिनीची भांडी वाजायची थांबली होती.

"तुमच्या आई आल्या की मी पाटावर बसणार नाही," वासंती म्हणाली. "चालून दाखव, गाऊन दाखव, काही नाही. त्यांना आधीच सांगा."

"सांगतो."

"आणि पत्रिका?"

"आणतच नाही."

"मग या," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा आणायला आत गेली. चुलीपाशी वहिनीनं तिला जवळ ओढलं, तेव्हा कुठं ती रडली.