गोदूबाईच्या डोळ्यातला राखणदार

ज्याला भीती वाटत असेल त्यानं आत्ताच परसात जाऊन यावं. मग मधनं कोणाला उठू देणार नाय.

गोष्ट वेळणेश्वरच्या गोदूबाईची. बाई सत्तरीची, पण जीभ कोयतीसारखी. महिन्याच्या महिन्याला रत्नागिरीला जायची, डोळ्यात सुई टोचून घ्यायला. हसू नका, डोळ्यातच! म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागं नको तिथं नव्या शिरा फुटतात, त्या पाझरतात, नि मधली नजर जाते. उजवा असाच गेला. "चष्मा बदलायला झालाय" म्हणत बाईनं वर्ष काढलंन. उरला डावा.

डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद दिला होता, भिंतीला लावायला. रोज उजवा डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडं बघायचं. रेघा वाकल्या की धावत यायचं. "आजी, सुई चुकवलीत तर हा पण जाईल हो."

तसा डाव्यातसुद्धा मधोमध काळा डाग होताच. माणसाकडं बघावं तर लुगडं दिसे, हात-पाय दिसत. तोंड नाय.

वैशाखातली दुपार. गोदूबाई अंगणात आमसुलं उलटत होती. वारा पडलेला, कावळासुद्धा गप. सहज वर बघितलंन… तर चिऱ्याच्या गडग्यावर, हद्दीच्या दगडी कुंपणावर, कोणतरी बसलेला. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नि त्याला तोंड होतं! मिशीचा केस न केस मोजून घ्या.

बाईनं हात जोडले. जागेचा राखणदारच तो, दुसरा कोण? दरवर्षी कोंबडा देतो आपण त्याला.

गडग्यापलीकडं तिची जाऊ, कमळा. गडगा हातभर कोणी सरकवलान, यावर दोघी दहा वर्षं भांडत होत्या.

"कमळे, बघ गो! राखणदार माज्या बाजूला पाय सोडून बसलाय. जागा कोणाची ती बघ आता!"

"दारातली म्हस दिसत नाय तुला, नि राखणदार दिसतो? मेले, वेड लागलंय!"

पुढच्या खेपेला गोदूबाईनं डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलंन. त्या म्हणाल्या, "नजर अधू झाली की मेंदू आपणच चित्रं काढतो, आजी. ती काही करत नाहीत. डोळे इकडंतिकडं फिरवलेत की जातात. नजर सुधारली तर दिसायचीसुद्धा बंद होतील."

बंद? मग साक्षीदारच गेला की! बाई तशीच उठली. "आज अंगात कसर हाय," म्हणाली, नि सुई न घेता गाडीत बसली. पुढच्या महिन्यात गेलीच नाय. मुंबईचा लेक निलेश फोनवर विचारी, "आये, सुई घेतलीस?" ही म्हणे, "घेतली रे बाबा!"

आता खरं सांगतो. गडगा सरकवलान गोदूबाईनंच. कमळा लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलेली, तेव्हा.

राखणदाराला ते ठाऊक नसेल होय?

तो रोज दुपारी यायला लागला. आधी गडग्यावर. मग तुळशीपाशी. मग पडवीच्या पायरीवर. नुसता बघे… दात खाऊन. बाईनं डोळे फिरवले, मिटले, पाणी मारलंन. जाईना. एके दिवशी कागदाकडं बघितलंन, तर चौकटीच नाय. मधला सगळा काळोख. नि त्या काळोखात त्याचं तोंड, वीतभर अंतरावर.

धडपडत गडगा ओलांडलान.

"कमळे… मला रत्नागिरीला ने गो…"

"मरायला टेकलीस तेव्हा जाऊ आठवली!" कमळा खेकसली. पण नेलंन.

एक सुई झाली, दुसरी झाली. वाटेत दोनदा गोदूबाईच्या ओठावर गडग्याची गोष्ट आली. दोनदा गिळलीन.

तिसऱ्या सुईनंतर दोघी पडवीत बसल्या होत्या. कागदावरच्या रेघा बऱ्याच सरळ झालेल्या. कमळेचं तोंड दिसलं, नाकावरच्या चामखिळीसकट.

"अगो, किती म्हातारी झालीस!"

"नि तू काय तरणी?"

हसता हसता गोदूबाईची नजर कमळेच्या मागं गेली. पडवीच्या दारात तो उभा होता. पटका, घोंगडी, काठी, सगळं होतं. आता सगळ्यांना तोंडं आली होती… नि त्याच्या पटक्याखाली नुसता काळा डाग.

डोळे इकडं फिरवलेन. तिकडं फिरवलेन. मिटलेन, उघडलेन. तो तिथंच.

कमळेची पाठ होती त्याच्याकडं. ती म्हशीचं कायतरी सांगत होती. सांगता सांगता, मागं न बघता, जराशी बाजूला सरकली…

कोणाला आत यायला वाट द्यावी, तशी.