नरसिंहपूरच्या मळ्यावरची दुपार

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं काही घातलेलं नाही. जिच्यावर हा प्रसंग ओढवला ती सुकन्या आजही बारामतीत राहते.

यंदाच्या जानेवारीतला रविवार. जागा, नरसिंहपूरच्या अलीकडचा एक मळा.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

सुकन्याचा नवरा गेल्या पावसाळ्यात अपघातात गेला. तेव्हापासून ती रडली नव्हती. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, कुणी विचारलं तर 'बरी आहे' म्हणायची. चहानं तोंड पोळलं तरी तिला कळायचं नाही.

शेवटी नणंद स्वरूपानं तिला बळेच गाडीत बसवलं. रामहरी आणि कुशाबाई हे नवरा-बायको आपल्या मळ्यावर दिवसभरासाठी पाहुणे ठेवतात. गोठ्यात धार काढून बघायची, डाळिंबाच्या बागेत हिंडायचं, चुलीवरचं जेवायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं.

सुकन्यानं सगळं केलं. जेवलीसुद्धा.

चव लागली नाही.

जेवणानंतर स्वरूपा बाजेवर आडवी झाली. सुकन्या एकटीच बांधानं चालत निघाली. समोर ऊस उभा होता, डोक्याच्या वर गेलेला. ती त्याच्या सावलीला टेकली.

तेवढ्यात...

सर्र... सर्र...

आत कुणीतरी उसाचा वाळला पाला काढत होतं.

मग आवाज थांबला. वाराही पडला. गोठ्यातल्या गाईंच्या घंटा ऐकू येईनात.

"कोण गेलं गं तुझं?" आतून एका बाईनं विचारलं.

आवाज साधा होता. शेजारणीसारखा. सुकन्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिनं सांगितलं. कित्येक महिन्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. दवाखान्यातली शेवटची रात्र सांगितली. आतली बाई नुसती हुंकार देत होती.

"आता काय दुखतंय?"

"काहीच नाही," सुकन्या म्हणाली.

"मग आत ये की. हितं आमाला बी काय दुखत न्हाय."

सुकन्या उठली आणि आत शिरली.

पानं हाताला कापत होती. ती चालत राहिली. पुढं पाला वाजायचा... थांबायचा... पुन्हा वाजायचा. बाई काही दिसत नव्हती. ऊस इतका दाट, की आभाळ दिसेना.

अचानक मागून कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला.

कुशाबाई होत्या. धापा टाकत.

सुकन्यानं खाली पाहिलं. तिच्या चपलेचं टोक विहिरीच्या काठाबाहेर गेलं होतं.

आणि आजूबाजूला...

ऊस नव्हता.

नुसतं मोकळं रान. तोडलेले बुडखे आणि जमिनीवर पसरलेला पाला. ऊस कारखान्याला जाऊन आठवडा झाला, कुशाबाईंनी सांगितलं. त्यांनी तिला गोठ्यातून पाहिलं होतं. त्या उघड्या रानात ती दोन्ही हातांनी काहीतरी बाजूला सारत विहिरीकडं चालली होती.

सुकन्याच्या हातांवर कोपरापर्यंत बारीक चिरा होत्या. त्यातून रक्त येत होतं.

स्वरूपानं खोदून खोदून विचारलं, कोण बाई? कसला आवाज? रामहरी उठून गोठ्यात निघून गेले. कुशाबाईंनी जखमांवर हळद लावली, आणि निघताना सुकन्याला बाजूला घेतलं.

"बाई, पुन्यांदा हिकडं येऊ नगा."

सुकन्यानं का म्हणून विचारलं.

"उसातली ती ज्यांच्याशी बोलली, ती समदी हितं परत आली," कुशाबाई म्हणाल्या. "दर बारीला मी येळंवर पोचंन, असं न्हाय."

चिरा भरून आल्या. स्वरूपानं त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. सुकन्या अजूनही रडलेली नाही.

परवा मात्र भाजी निवडता निवडता तिनं सहज विचारलं, नरसिंहपूरला जायला इथून थेट एसटी असते का?

स्वरूपाचे हात थांबले. "कशाला, वहिनी?"

"काही नाही गं," सुकन्या म्हणाली. "आमचं बोलणं अर्धवट राहिलंय."