उंबऱ्याबाहेरची ताई

दार सताड उघडं होतं, आतून रंध्याचा आवाज येत होता, तरी ताई पायरीवरच उभी राहिली... सलग चौथ्या खेपेला! दिवसभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करून सुजलेले पाय ठणकत होते. पण आज भावाला भेटल्याशिवाय हलायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आईवडलांमागे या धाकट्याला तिनेच वाढवलं. त्याला सुतारकामाचं दुकान टाकायचं होतं, तेव्हा इस्त्रीतून सुटका व्हावी, शिलाई मशीन घेता यावं म्हणून पोटाला चिमटा काढून साठवलेली सगळी पुंजी तिने त्याच्या हातावर ठेवली. व्याजाचं नावही काढलं नाही. गरजू भावाकडून व्याज घेऊ नये, हे बायबलमधलं वचन वडलांनी तिच्या हाडीमांसी रुजवलं होतं. पुढे दुकान बुडालं, आणि धाकट्याने तिच्याकडे येणंच सोडलं... पैसे गेले याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण भाऊ गेला हे काळीज कुरतडत होतं!

"ताई, आत या ना," भावजय म्हणाली.

"नको गं. त्यालाच बाहेर पाठव."

रंधा थांबला. धाकटा हत्यारांची पेटी उचलून आला आणि त्याने ती तिच्या पायाशी धाडकन ठेवली.

"घे! एवढंच उरलंय. घेऊन जा आणि मोकळं कर मला!"

"पेटी उचल. ज्याच्यावर पोट चालतं ते गहाण घेत नसतात."

"मग छळतेस कशाला? चार वेळा आलीस, चारही वेळा दारातच उभी! माझ्या घरात पाऊल टाकायचीही किळस येते तुला?" त्याचा आवाज फुटला. "मारलं असतंस तरी चाललं असतं गं..."

ताईच्या डोळ्यांत पाणी असतानाच तिला हसू फुटलं.

"अरे वेड्या! घेणेकऱ्याने घरात शिरायचं नसतं. त्याने बाहेर थांबायचं, देणेकरी जे आणून देईल ते घ्यायचं. बाबा रोज बायबलमधून वाचून दाखवायचे की रे!"

"मला नाही आठवत."

"कसं आठवेल? वाचन सुरू झालं की तू टेबलाखाली घोरायचास!"

भावजयीने तोंडाला पदर लावला. धाकट्याने मात्र मान फिरवली.

"तुझी अब्रू राहावी म्हणून मी बाहेर थांबले," ताई हळूच म्हणाली, "आणि तुला तो तिरस्कार वाटला... आता ऐक. ते पैसे मी सोडले."

"भीक नकोय मला!"

"भीक कसली? मी घेणेकरी आहे तोवर हा उंबरा मला ओलांडता येत नाही, आणि मला माझ्या भावाच्या घरी बसायचंय. हो बाजूला!"

तो बाजूला झाला नाही. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. त्याला तसाच ढकलत ती आत शिरली.

कोपऱ्यात कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. भावजयीने कापड ओढलं. पाठ असलेलं एक उंच स्टूल होतं, घासूनपुसून गुळगुळीत केलेलं.

ताई त्यावर बसली. पाय जमिनीला टेकेनात.

"फारच उंच केलंयस रे."

"इस्त्रीच्या टेबलाच्या मापाचं आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "तीन वर्षं झाली... आणून द्यायचं तोंड नव्हतं."