मुठीतला फोटो

पडलेल्या विमानाच्या खिडकीचा एक तुकडा. पारदर्शक. तळहातात मावेल एवढा.

ओव्हनमधून काढलेल्या दोन पेस्टी, मांस-बटाटा भरलेल्या. जेवणारा एकच.

डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी, हसणारी.

भिंतीवर चार टाचण्या... मध्ये काहीच नाही.

हे सगळं एकाच घरातलं आहे. खोटं वाटलं तर सोडून द्या. पण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅल्युमेट गावाच्या रस्त्यावर आर्विड कांगसचं घर आजही उभं आहे, आणि हे सगळं त्यानंच मला सांगितलं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढलेला. आमच्याकडे त्या दिवसांत सहाच्या सुमाराला अंधारून येतं.

आर्विडनं आयुष्यभर गावातली बर्फ काढायची गाडी चालवली. मूलबाळ नाही. बायको, लेम्पी, दोन वर्षांपूर्वी गेली. लेम्पीला फोटोचा भारी कंटाळा. कॅमेरा दिसला की ती काहीतरी काम काढून आत जायची. त्यामुळे तिचा धड असा एकच फोटो होता. चर्चच्या सहलीतला, चारचौघांत उभी, हसू दाबत असलेली.

तो जेवणाच्या टेबलासमोर चार टाचण्यांनी लावलेला. रोज सकाळी आर्विड त्यावरची धूळ अंगठ्यानं पुसायचा. मग कॉफी.

दुसरा नाद पिस्तुलांचा. जुनी, सैन्यातली. नुसती जमवायची नाहीत. कुणाच्या कमरेला होतं, कुठल्या आघाडीवर गेलं, तो माणूस परत आला का... हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

हे पिस्तूल त्याला मार्केट नावाच्या गावात मिळालं. तिथला एक जुना संग्राहक वारला आणि पुतण्यानं घरातलं सगळं विकायला काढलं, त्यात. पंचेचाळीस कॅलिबरचं, अमेरिकन फौजेचं. पण मुठीला लाकूड नव्हतं. दोन्ही बाजूंना ते विमानाचं पारदर्शक प्लास्टिक, हातानं घासून बसवलेलं. सैनिक तेव्हा असं करायचे. आणि आत आपल्या प्रेयसीचा फोटो ठेवायचे.

याच्यातही होता. रुमालवाली मुलगी.

त्याचा मित्र वॉल्ट ट्रेम्बाथ ते बघून हसत सुटला.

"संग्राहकांच्या प्रदर्शनात हे नेणार? पिस्तूल आहे की लग्नाचा अल्बम?"

"युद्धातलंच आहे ते."

"असेल. पण कारखान्यातून असं निघालं नव्हतं ना? माझ्याकडे अक्रोडाच्या लाकडाची जोडी आहे, त्याच काळातली. बसव, आणि मग बघ लोक कसे थांबतात."

"मला हेच बरं वाटतंय."

"तू पेस्टीत गाजर घालणारा माणूस. तुला काय बरं वाटेल त्याचा नेम नाही."

"गाजर लेम्पी घालायची."

वॉल्टनं कोट अंगात चढवला. जाताना लाकडी जोडी टेबलावर ठेवून गेला.

शेवटी प्रदर्शनापुरती म्हणून आर्विडनं ती बसवली. ती प्लास्टिकची काच आणि फोटो पाकिटात घालून खणात ठेवले.

त्याच संध्याकाळी आवाज आला.

किर्र...

थांबला. पुन्हा... किर्र.

ओला अंगठा काचेवरून फिरवल्यासारखा.

आर्विडनं खिडक्या बघितल्या. कोरड्या. पिस्तुलांचं कपाट बघितलं. कुलूप जागच्या जागी. खणाकडे हात नेला...

आवाज बंद.

मग रोज तेच. अंधारून आलं की सुरू. मोठा नाही. कुणीतरी शेजारी बसून आपलं काम करत असावं, तसा.

एवढ्यात पिस्तुलाच्या युद्धातल्या मालकाचा शोध लागला. मुठीखालच्या धातूवर खिळ्यानं नाव कोरलेलं होतं. होबार्ट बिलिंग्ज. इटलीत, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात मारला गेला. पिस्तूल परत आलं, तो आला नाही. ओहायोत त्याची एक भाची होती, नव्वदीला टेकलेली. आर्विडनं फोन लावला.

"तुमच्या मामांच्या प्रेयसीचा फोटो आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "नाव कळलं तर बरं होईल."

"मामांची प्रेयसी? कुणी नव्हती हो."

"पण पिस्तुलात..."

"त्यांच्याबरोबरचे एक जण युद्धानंतर आमच्या आईला भेटायला आले होते. ते सांगायचे, सगळ्यांनी मुठीत फोटो घातले, म्हणून मामांनीही काच बसवून घेतली. आत काही नाही. रिकामी. दुसऱ्यांचे फोटो मागून मागून बघायचे. आणि संध्याकाळी बसून आपली रिकामी काच अंगठ्यानं पुसत राहायचे."

आर्विडनं फोन ठेवला.

मागे खणात... किर्र.

दुसऱ्या दिवशी तो शनिवार. आर्विडनं नेहमीसारखा अंगणातला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवला. बाहेर आला, अंग पुसलं, बर्फातून घरात आला. टेबलाशी बसला, सवयीनं समोर बघितलं.

चार टाचण्या.

टाचण्या निघालेल्या नव्हत्या. त्यांच्यामधला फोटो तेवढा नव्हता.

त्यानं टेबलाखाली बघितलं. चुलीमागे, केराच्या डब्यात. वॉल्टला फोन केला.

"तू आला होतास का रे इथे?"

"या बर्फात? काय झालं?"

"लेम्पी नाहीये."

"आर्विड... लेम्पी जाऊन दोन वर्षं झाली."

"फोटो रे. तिचा फोटो."

बोलता बोलता त्यानं कपाट उघडलं. किल्ली त्याच्याच खिशात होती.

पिस्तुलाला पुन्हा काच बसलेली. लाकडी जोडी बाजूला नीट ठेवलेली.

आणि काचेत लेम्पी.

मुठीच्या आकारात कापलेली. अगदी सावकाश, निगुतीनं कापलेल्या कडा. शेजारची माणसं गायब. ते कपटे घरात कुठेच मिळाले नाहीत.

आर्विडनं स्क्रू काढले. लेम्पीला पुन्हा भिंतीवर लावलं, रुमालवालीला काचेत घातलं. "ही घे," तो मोठ्यानं म्हणाला. "ही तुझी. ही माझी आहे. माझ्याकडे एवढीच आहे."

दुसऱ्या संध्याकाळी रुमालवाली टेबलावर पडलेली होती. पालथी. भिंतीवर नुसत्या टाचण्या.

त्यानंतर त्यानं तिला काढलं नाही. आणखी एकदा कापली गेली तर काय उरेल, ही भीती.

पिस्तूल विकावं तर तीही गेली.

आता तो जेवताना ते टेबलावर ठेवतो. रिकामं, तिची बाजू वर. दोन पेस्टी गरम करतो. कधीकधी लेम्पीबद्दल बोलतोही. गाजराचं, तिच्या भांडणांचं. तो बोलायला लागला की आवाज थांबतो.

जणू कुणी ऐकतंय.

एकच गोष्ट त्यानं मला हळू आवाजात सांगितली. रोज सकाळी तो अंगठा काचेवर ठेवतो, पण पुसायला धूळ नसते. काच आधीच लख्ख असते.

आणि किंचित कोमट.

मार्केटच्या त्या संग्राहकाच्या बायकोचं नाव मार्लिस होतं. ती डोक्याला रुमाल बांधायची; फोटो तिचाच, असं पुतण्यानं सांगितलं. तिचा जन्म एकोणीसशे एकावन्नचा, युद्ध संपल्यावर सहा वर्षांनंतरचा.